सरांनी सहल बिघडू दिली नाही

माझ्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मंडपवाली माणसं दोऱ्या सोडायला लागली आणि गिराम सर खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले. हे त्यांचे शाळेतले जोडीदार. एकाच जिल्हा परिषद शाळेत दोघांनी अकरा वर्षं काढली. डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. हैदराबादला पहिल्याच दिवशी सरांच्या छातीत दुखायलं होतं. संध्याकाळी मला फोन केलता त्यांनी. पण वहिनीला कळू द्यायचं न्हाई म्हणले. तुमची सहल बिघडू दिली न्हाई बघा सरांनी... असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावला, त्यांच्याही डोळ्यांत कौतुकच. मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. नसता ठेवला तर तो गिराम सरांच्या अंगावर गेला असता.

त्याला आता महिना होत आला. एवढ्या दिवसांत ही गोष्ट सगळ्या पालममध्ये जाऊन पोचली आहे. भाजी घेताना, बस स्टँडवर, उपकेंद्रात लस टोचायला आणलेल्या लेकराच्या आजीकडून, मला एकच ऐकायला मिळतं... किती जीव होता हो सरांचा तुमच्यावर! शोकसभेत एका गुरुजींनी तर जीव कसा लावावा हे सरांकडून शिकावं, असंही सांगून टाकलं. शिकू नका. एवढं सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. आमचे सर चांगले होते, त्यात वाद नाही. पण त्या दिवशी त्यांनी जे केलं ते चूक होतं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

मी आरोग्यसेविका. पालम तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सत्तावीस वर्षं काम करते. लोक सिस्टर म्हणतात. नवऱ्याचं नाव उत्तम, पण सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणायचे. सर सहलीचे सर म्हणून ओळखले जायचे. दर हिवाळ्यात एसटीची एक गाडी ठरवायची, पाचवी ते सातवीची पोरं भरायची आणि हैदराबाद दाखवून आणायचं. गाडीतून उतरताना मोजणी, गाडीत चढताना मोजणी, दारातून आत जाताना मोजणी. नेलं तेवढं लेकरू गावात आणून आईबापाच्या हवाली केलं की आपण सुटलो, असं ते म्हणायचे. वाटेत कुणाला ताप आला तर डोक्याला ओला रुमाल, हातात बिस्किटाचा पुडा आणि खिडकीजवळची जागा. डॉक्टर गावाकडं आल्यावर. परक्या गावात एका पोरासाठी दवाखाना शोधत बसलं तर बाकीच्या पन्नास पोरांकडं कोण बघणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत कुणाला काही झालंही नाही. त्यामुळं त्यांना ते कायमचं पटून गेलं.

अर्ध्या तालुक्याला त्यांनी चारमिनार दाखवला, मला मात्र नाही. कधी माझी पोलिओची मोहीम आडवी यायची, कधी गाडीत एकच जागा उरायची आणि ती ऐनवेळी रडत आलेल्या पोराला जायची. सहलीवरून आलेली पोरं उपकेंद्रात इंजेक्शन घेताना मला सांगायची, "सिस्टर, पाण्याच्या मधोमध एवढा मोठा बुद्ध हाय! तुमी न्हाई बघितला?" मी म्हणायचे, हात ढिला सोड. तलावातला तो बुद्ध मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून ऐकत आले. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या लेकीनं, ती पुण्यात नोकरीला असते, परस्पर रेल्वेची तिकिटं आणि लॉज ठरवून टाकलं आणि फोन करून सांगितलं, "तीन दिवस. दोघंच. बाबा, मम्मीला शाळेसारखं फिरवू नका."

फिरवलं शाळेसारखंच. सकाळी काचीगुडा स्टेशनावर उतरलो तर फलाटावर थांबून सरांनी माझ्याकडं बोट केलं, "एक." मग स्वतःच्या छातीकडं, "दोन. चला, पूर्ण." मी म्हटलं, "सर, मी पळून जायला चौथीतली हाय का?" म्हणाले, "चौथीतले पळत न्हाईत. सातवीतले पळतात." चारमिनारखाली उभं राहून त्यांनी मला सगळा इतिहास सांगितला, इतक्या मोठ्यानं की नाशिककडचं एक अनोळखी कुटुंब आमच्यामागं येऊन उभं राहिलं आणि शेवटी त्यातल्या आजोबांनी, "गाईडसाहेब, तुमचं काय द्यायचं?" असं विचारलं. सर असे लाजले की मला हसू आवरेना. बांगड्यांच्या गल्लीत मला त्यांनी घड्याळ बघून वीस मिनिटं दिली. मी मुद्दाम तासभर लावला. प्रत्येक दुकानात चढले, लाखेच्या बांगड्या हातात चढवून बघितल्या, काढून ठेवल्या, पुन्हा चढवल्या. बाहेर माझी पर्स काखेत धरून सर उभे. एक दुकानदार त्यांना म्हणाला, "साब, बैठ जाव, अम्माँ का अब्बी नै होता." सरही त्याला शोभेल अशा दख्खनीत म्हणाले, "होने दो मियाँ, पच्चीस साल की कसर हाय." ते स्टुलावर बसले. मला तेव्हा ते गमतीनं बसल्यासारखे वाटले.

दुपारी रिक्षानं गोवळकोंड्याला गेलो. किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्याखाली टाळी वाजवली की वर अगदी टोकाला ऐकू येते, हे आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मला वाटलं, आता सर मला हाताला धरून वर नेणार. तर ते दरवाज्याजवळच्या कट्ट्यावर टेकले. "मी वीसदा चढलोय. तू जा वर. मी खालून आपल्या शाळेची टाळी देतो, ऐकू येती का सांग." मी म्हटलं, "एकटी?" म्हणाले, "एकटीच जा. मोजायला मी हाय की खाली."

मी गेले. खरं सांगायचं तर आनंदानं गेले. शेकडो पायऱ्या, पन्नाशीचं वय, गुडघे कुरकुरत होते, पण मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, कुणी हाक मारत नाही, कुणाचा फोन नाही. वर पोचले तेव्हा सगळं शहर पसरलेलं दिसलं आणि वारा इतका की पदर कमरेला खोचावा लागला. खालून टाळ्यांचे आवाज येतच होते, येणारा प्रत्येक माणूस वाजवतो. मग त्यांच्यातूनच आली आमच्या शाळेची टाळी... दोन, थांबून तीन, थांबून पुन्हा दोन. मी वरून हात हलवला, एवढ्या लांबून दिसणार नाही हे माहीत असूनही. आणि तिथं मी तासभर बसले. लग्नानंतर इतका वेळ कुणाचंही काही न करता मी कधी बसले नसेन. खाली माणूस वाट बघतोय हे ठाऊक होतं, तरी उठले नाही. चांगलं वाटत होतं, म्हणून बसले.

खाली आले तर सर तिथंच. तोंड धुतलेलं, केस ओले, शर्टाची पाठ घामानं भिजलेली. म्हणाले, "ऊन लय हाय इथं." नोव्हेंबर महिना आणि ते सावलीत बसले होते. मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आले की बसल्या जागी घाम फुटला तर घरी थांबू नका, आधी दवाखाना गाठा. भिंतीवर चित्रं लावली, बचत गटाच्या बायकांकडून पाठ करून घेतलं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चला मग, बोटीत गार वाटंल."

संध्याकाळी बोटीनं तलावातल्या बुद्धाकडं गेलो. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ते माझं आहे. मी हात जोडून उभी राहिले, त्रिसरण म्हटलं आणि मागं वळून बघितलं तर सर चौथऱ्याच्या पायरीवर बसलेले, उजवा हात डाव्या छातीवर, डोळे मिटलेले. मी मोबाईलमध्ये फोटो काढला. तोच फोटो आम्ही पुण्यानुमोदनाच्या फलकावर लावला, कारण तेवढा एकच अलीकडचा होता. येणारा जाणारा म्हणायचा, चेहऱ्यावर काय शांती आहे बघा. गिराम सरांनी ती गोष्ट सांगितल्यावर मी घरी येऊन तो फोटो मोठा करून बघितला. शांती कसली... ओठ दातांखाली धरलेले आहेत. अशी तोंडं मी बाळंतपणाच्या टेबलावर हजारदा बघितली आहेत. फोटो काढताना मला ते दिसलं नाही.

लॉजवर कपडे बदलून मी बाहेर आले तर सर गॅलरीत फोनवर हळू बोलत होते. मला बघून फोन ठेवला. तोच तो फोन. गिराम सर त्यांना म्हणाले होते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. त्यावर सरांचं उत्तर असं, "गावाकडं येऊन बघतो की. ही एकटी काय करील इथं? भाषा न्हाई, माणूस न्हाई. घाबरून जाईल." गिराम सरांनी हे मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि सगळ्यात जास्त राग मला या वाक्याचा आहे. मी घाबरून जाईन? पूर आलेल्या ओढ्याच्या अलीकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी बाळंतपण केलं आहे, बॅटरी तोंडात धरून. साप चावलेल्या माणसाला घेऊन मोटारसायकलवर मधे बसून परभणी गाठली आहे. रिक्षावाल्याला दवाखाना म्हणायला मला कोणती भाषा लागणार होती? त्या शहरात मोठमोठे दवाखाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, येताना मी पाट्या वाचत आले होते. आमच्याकडं असं दुखलं तर आधी गंगाखेड, मग परभणी, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मीच रोज घरी येऊन सांगायचे.

मग जेवायला गेलो. वरच्या मजल्यावर फॅमिलीची वेगळी जागा, पांढरे टेबलक्लॉथ, पंखे. सरांनी न विचारता सगळं मागवलं... बिर्याणी, मिरचीचं सालन, शेवटी गोडाला डबल का मीठा. पोरांच्या सहलीत हे कधी परवडत नसे, म्हणून त्यांनीही ते हॉटेल बाहेरूनच बघितलेलं. माझ्या ताटात वाढत राहिले. स्वतः दहीभात चिवडत बसले. वेटर म्हणाला, "साब, आप तो कुछ खाये इच नै!" सर म्हणाले, "मैं देख के इच पेट भरता मियाँ." आम्ही तिघंही हसलो. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "पित्त झाल्यासारखं वाटायलंय." मी पर्स उघडली आणि पित्ताची गोळी काढून दिली. त्यांनी ती माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली. गोळी मीच दिली. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

गोड खाऊन झालं तेव्हा म्हणाले, "गिराम सरांचा फोन होता. गटशिक्षण कार्यालयानं तातडीनं ऑनलाइन माहिती मागितलीय. उद्या सकाळच्या गाडीनं निघावं लागतंय." मी विश्वास ठेवला. शिक्षकांच्या घरात ठेवतातच, कारण ती माहिती खरोखर दिवाळीतसुद्धा मागतात. आणि मग माझा असा संताप झाला की विचारू नका. उरलेले दोन दिवस गेले! सकाळी गाडीत बसलो, निजामाबाद गेलं, नांदेड गेलं, मी खिडकीकडं तोंड करून. सरांनी पेरू कापून पुढं केला, मी घेतला नाही. घरी आल्यावरही अबोला. तीन दिवस मी त्यांच्या ताटात वाढलं, पण तोंडाकडं बघितलं नाही. एरवी मी बघितलं असतं. रंग बघितला असता, श्वास बघितला असता, धंदाच आहे माझा तो. पण खोटं बोलून त्यांनी मला रागावायला लावलं आणि रागानं माझे डोळे बंद केले. स्वतःला गावाकडं आणून घरच्या माणसाच्या हवाली करायचा त्यांचा नियम त्यांनी पाळला. घरचं माणूस मात्र त्यांच्याशी बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता ते पडले. मी त्यांची छाती दाबत राहिले, शेजाऱ्यांची जीप येईपर्यंत आणि जीपमध्येही. गंगाखेडला डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले. एवढंच.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. जाताना रेल्वेत, परभणी सुटल्यावर, मी सरांना म्हटलं होतं, "हे बघा, तीन दिवस मला कुणी दुखणं सांगायचं न्हाई. ना फोनवर, ना समोर. तीन दिवस मी सिस्टर न्हाई." ते म्हणाले, "मंजूर." हसत म्हणाले. सत्तावीस वर्षं लोक माझ्या दारात दुखणी घेऊन येतात, जेवताना येतात, न्हाताना येतात. तीन दिवस सुट्टी मागितली तर काय चुकलं? काहीच नाही. तरीही गिराम सरांनी सांगितल्यापासून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. ते त्यांच्या सहलीच्या नियमामुळं गप्प राहिले की माझ्या बोलण्यामुळं, हे विचारायला आता माणूस नाही. मी दुबळी आहे म्हणून सांगितलं नाही की मी दमले आहे म्हणून? यातलं एक मला सहन होईल, दुसरं होणार नाही. कोणतं होणार नाही हेही रोज बदलतं. म्हणून कुणी किती जीव होता म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जीव होता तर सांगायचं होतं. मला रडू द्यायचं, धावू द्यायचं, परक्या शहरात वेड्यासारखं ओरडू द्यायचं. सहल गेली असती, चुलीत जाऊ दे ती सहल. कदाचित तरीही ते गेले असते. पण मग मी त्यांच्याजवळ असते, खिडकीकडं तोंड करून बसले नसते.

परवा गिराम सर घरी आले. जानेवारीत शाळेची सहल आहे, आता ते नेणार आहेत. त्यांच्या हातात एक जुना कागद होता, पालकांना वाटायच्या सूचनांचा. दरवर्षी त्याच कागदाच्या झेरॉक्स काढतात, आणि तो सरांच्या हातचा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. सरांचं अक्षर फार सुंदर होतं, शाईच्या पेनानं लिहिलेलं, रेघ न आखता सरळ. गिराम सरांना वाटलं, मूळ कागद मी आठवण म्हणून ठेवून घ्यावा. मी चष्मा लावून वाचायला लागले. पाण्याची बाटली आणावी. दागिने घालू नयेत. आणि सहावी सूचना, 'दुखणेखुपणे काढून इतरांचा विरस करू नये.'

मी टेबलावरचा पेन घेतला आणि त्या ओळीवर काट मारली. पुन्हा एकदा मारली, शब्द दिसेनासे होईपर्यंत. खाली माझ्या अक्षरात लिहिलं, जे औषधाच्या चिठ्ठीसारखं वाकडंतिकडं आहे, 'काहीही दुखले, कितीही थोडे, तर त्याच क्षणी सांगावे.' गिराम सर हळूच म्हणाले, "वहिनी, मी नवीन टाइप करून घेतो ना. सरांचा कागद खराब झाला."

मी कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "न्हाई. ह्याच्याच काढा झेरॉक्स. काट दिसू द्या पोरांना."